चित्राखालची शेवटची ओळ

चांगुणा गेल्याचं पुंजारामला कारखान्याच्या गेटवर कळलं. पहिल्या पाळीची जेवणाची सुट्टी झाली होती. शेजारची शकुबाई गेटबाहेर उभी होती. वॉचमन तिला आत सोडत नव्हता आणि ती त्याच्याशी भांडत नव्हती, त्यावरूनच पुंजारामने काय ते ओळखलं. शकुबाई एरवी बसच्या कंडक्टरशी भांडल्याशिवाय तिकीट काढत नसे.

"घरी चल, दादा," एवढंच ती म्हणाली.

डबा मशीनपाशीच राहिला. नाशिकच्या सातपूरमधल्या सडकेवरून दोघं चालत निघाली तेव्हा शकुबाई एक पाऊल मागे राहून चालत होती, मयतीला चालतात तशी. १९७४ सालच्या सप्टेंबरची अठरा तारीख होती.

घरात बाया जमल्या होत्या. चांगुणा खाटेवर होती, अंगावर तिचीच हिरवी चादर. पायाच्या बाजूने चादर सरकली होती आणि गुडघ्याखाली दोन सुया अजून तशाच टोचलेल्या होत्या. चिनी पद्धतीच्या उपचाराच्या त्या सुया पुंजारामने स्वतः करून दिल्या होत्या. तो टर्नर होता, कारखान्यात लेथ चालवायचा. स्टीलची बारीक तार घेऊन, टोकं घासून, पॉलिश करून त्याने तिला चोवीस सुया दिल्या होत्या आणि वर चिवट बांबूच्या नळीची डबी. आता त्याने त्या दोन सुया उपसून काढल्या. रक्त आलं नाही.

कामगार वसाहतीतला डॉक्टर येऊन गेला होता. अपेंडिक्स फुटलं म्हणाला. दोन दिवस आधी दवाखान्यात नेली असती तर आठवड्यात घरी आली असती.

दोन दिवस आधी पुंजाराम हेच म्हणाला होता, की चल, मोठ्या दवाखान्यात जाऊ. चांगुणा घामाने भिजली होती, तरी हसली होती. पत्रकात काय लिहिलंय ते वाचलं नाय का, म्हणाली. पोटदुखीला तीन दिवस सुया. अजून एकच झालाय. लोकांना मी सांगायचं आणि माझ्यावर आली की मी पळायचं? तिसऱ्या दिवशी सकाळी पुंजारामने तिच्या कपाळाला हात लावला, चटका बसला, तरी तो कामावर गेला. पत्रकावर त्याचाही तिच्याइतकाच विश्वास होता.

ते पत्रक धोंडीराम मास्तरांचं होतं.

धोंडीराम मास्तर शहरातल्या एका शाळेत शिकवत आणि रविवारी कामगारांचा अभ्यासवर्ग घेत. बापजादे शेतीतले, चांगले खाऊनपिऊन सुखी, पण मास्तर त्या सुखावर थुंकून आले होते असं ते स्वतः सांगत. बोलायचे फार छान. चीनमध्ये शेतकऱ्यांच्या पोरी सहा महिने शिकून गावोगाव औषधपाणी करतात, त्यांना अनवाणी डॉक्टर म्हणतात, हे वसाहतीला पहिल्यांदा कळलं ते मास्तरांकडून. वर्गात बायांमध्ये एकटी चांगुणाच पुढे बसायची. ती सातवी शिकलेली होती.

मास्तरांना कुठून तरी, चार हात फिरून, एक चिनी चित्र मिळालं होतं. हातभर उंच, रंगीत. गाल लाल असलेली पोर, खांद्याला पेटी, पाय उघडे, मागे भाताची शेतं आणि तिच्याकडे बघून हसणारी म्हातारी माणसं. बाजूला माणसाच्या शरीराची छोटी आकृती आणि सुया लावायच्या जागांवर ठिपके. खाली चिनी अक्षरांच्या सहा ओळी. चित्राबरोबर इंग्रजीत टाइप केलेला एक कागद होता, त्यात त्या ओळींचा अर्थ होता. मास्तरांनी त्यावरून मराठी पत्रक केलं, पाठपोट एक पान. स्टेन्सिल त्यांनी कापली आणि सायक्लोस्टाइलचं हँडल पुंजारामने फिरवलं. पाचशे प्रती काढल्या. हात शाईने इतके भरले की दोन दिवस भाकरीला वास येत होता.

चित्र मास्तरांनी चांगुणाला दिलं. तिने ते खाटेच्या वर खिळ्यांनी ठोकलं. आणि त्या पोरीच्या पायांकडे बघून म्हणाली, "सगळं चांगलं हाय, पण ही अनवाणी कशाला? मी चपला घालून डॉक्टर होईन."

मास्तर त्यावर हसले होते. त्यांना वाटलं, बाई विनोद करते आहे. चांगुणाच्या आजीला गावाच्या वरच्या आळीतून जाताना पायताण काढून हातात घ्यावं लागे. आईने उभ्या आयुष्यात पायात काही घातलं नाही. बाबासाहेबांची दीक्षा घेतल्यावर वडलांनी पहिली वस्तू घरात आणली ती पोरींसाठी चपला. चांगुणा नळावर पाण्याला जातानासुद्धा चपला घालून जायची. पुंजाराम तिला यावरून चिडवायचा, की झोपताना तरी काढ.

बौद्ध रीतीने तिचं पुण्यानुमोदन झालं तेव्हा मास्तर बोलायला उभे राहिले. चांगुणा कामगारांची सेवा करता करता शहीद झाली, असं ते म्हणाले. बाया रडल्या. पुंजारामही रडला. आपली बायको पोटाच्या दुखण्याने मेली, हे त्याला माहीत होतं, पण शहीद हा शब्द त्याला त्या वेळी आधारासारखा वाटला. पुढे आणीबाणी आली, मास्तरांना धरून नेलं, ते दीड वर्षाने सुटून आले तेव्हा त्यांच्या गळ्यात हार घालणाऱ्यांत पुंजाराम होता.

चित्र भिंतीवरच राहिलं. मूलबाळ नव्हतं. सकाळी उठल्यावर पहिली ती पोर दिसायची.

१९८१ सालच्या दिवाळीनंतर पुंजारामची दाढ दुखायला लागली. कोणी तरी भद्रकालीतल्या चिनी दाताच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. त्याचं नाव ल्यू. वय साठीच्या आसपास, नाशिकमध्येच वाढलेला, मराठी हिंदी दोन्ही भेसळ करून बोलायचा. दाढ काढून झाल्यावर कापूस चावत बसलेल्या पुंजारामला भिंतीवर एक कॅलेंडर दिसलं. तीच अक्षरं. त्याला एकदम वाटलं, आपल्या चित्राखाली काय लिहिलंय ते या माणसाला वाचता येईल. मनात दुसरं काही नव्हतं. चांगुणाने ज्या ओळींखाली सहा महिने लोकांना सुया लावल्या त्या एकदा चिनी माणसाच्या तोंडून ऐकाव्यात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो चित्र गुंडाळून घेऊन गेला.

ल्यू डॉक्टरने चित्र उलगडलं आणि आधी उठून दुकानाचं दार लोटून घेतलं. बासष्टच्या लढाईनंतर कितीतरी वर्षं त्याला पोलीस चौकीत हजेरी द्यावी लागली होती. असले कागद समोर आले की आजही आधी दार बघतो, असं तो ओशाळून म्हणाला. मग चष्मा लावून वाचू लागला. पहिल्या ओळीत चीनच्या अध्यक्षांचा जयजयकार. दुसरीत गरीब शेतकऱ्यांनी शहाण्या डॉक्टरांवर विसंबू नये. तिसरी, चौथी, पाचवी सुयांच्या जागा. हे सगळं पत्रकात होतं, पुंजारामला पाठ होतं, तो मान डोलवत होता. सहाव्या ओळीला त्याची मान थांबली.

"परत वाचा," तो म्हणाला.

ल्यूने बोट ठेवून सावकाश वाचलं. "पोटात उजव्या बाजूला खाली दुखत असेल आणि ताप असेल, तर सुई लावू नका. माणसाला लगेच मोठ्या दवाखान्यात पोचवा."

पत्रकात ही ओळ नव्हती. ती भिंतीवर होती. चांगुणा तीन दिवस तळमळत होती त्या खाटेच्या वर, तिच्या डोक्यापासून दोन हातांवर, ती ओळ लिहिलेली होती.

ल्यूने त्याला पाणी दिलं. विचारलं नाही, तरी पुंजारामने सगळं सांगितलं. मग ल्यूही बोलला. त्याची थोरली बहीण तिकडे चीनमध्ये नर्स होती. तेरा वर्षं तिचं पत्र नव्हतं, दोन वर्षांपूर्वी यायला लागली. तिच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरला कागदाची टोपी घालून चौकात गुडघ्यावर बसवलं होतं. बसवणाऱ्यांत दवाखान्याचेच लोक होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती. मोठा डॉक्टर गेला, मग ही चित्रं लागली. चित्रातल्या पोरींनी पुष्कळांचं भलंही केलं, ती खोटं नाही सांगत, ल्यू म्हणाला. पण त्या डॉक्टरचं नाव कोणी काढत नाही.

"आणि आता? ही चित्रं आता काय करतात तिकडे?"

"कपाटात घालतात. उलटी करून, कपड्यांच्या खाली. कागद जाड असतो ना, फाडायला जीव होत नाही." ल्यू चष्मा पुसू लागला. "यंदा तिकडच्या सरकारनेच जाहीर केलं की टोप्या घालायची ती दहा वर्षं म्हणजे मोठी चूक झाली. चार-पाच जणांच्या नावावर टाकली चूक. बाकी सगळे आपापल्या घरी आहेत. बहीण लिहिते, तेव्हा दिवसच तसे होते. मी पुढे विचारत नाही."

"कोणीच जाब विचारला नाही?"

"कोण कोणाला विचारणार, भाऊ? शेजारीच राहतात सगळे."

पुंजारामने चित्र गुंडाळलं. मी विचारणार, तो म्हणाला. ज्याला विचारायचं तो माझा माणूस याच शहरात राहतो.

मास्तर तेव्हा गंगापूर रोडला घर बांधून राहत होते. निवृत्तीला दोन वर्षं होती. ओट्यावर झोपाळा, शेल्फात जाड पुस्तकं. मास्तरांच्या बायकोने, विमलाबाईंनी, पाणी आणून ठेवलं. पुंजारामने चित्र झोपाळ्यासमोर फरशीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर मास्तरांचीच चार पुस्तकं ठेवली आणि सहाव्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, इंग्रजी कागदात हे होतं का?

मास्तर खोटं बोलले असते तर पुंजारामचं काम सोपं झालं असतं. मास्तर खोटं बोलले नाहीत. पानावर जागा संपली होती, म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, जागा काढता आली असती. पण वर आपण म्हणायचं की मोठ्या डॉक्टरांवर विसंबू नका, आणि खाली म्हणायचं मोठ्या दवाखान्यात जा. "त्याने धार गेली असती, पुंजाराम. लोक शेवटची ओळच लक्षात ठेवतात. तेव्हा दिवसच तसे होते."

तेच शब्द. पुंजारामच्या कानात सुई गेल्यासारखं झालं. अंगात रग होती, हात टर्नरचे होते, समोर सुकलेला म्हातारा होता. एका हाताने त्याने मास्तरांना झोपाळ्यासकट उचलून अंगणात टाकलं असतं. त्या क्षणी ते करावं असं त्याला फार वाटलं. पण मास्तरांना मारलं तर मास्तर शहीद होतील, हे त्याला कळत होतं. वसाहत त्यांच्यासाठी रडेल, कोणी तरी भाषण करेल. तेवढं सुख त्याला त्यांना द्यायचं नव्हतं.

"हे वाक्य तुम्ही वसाहतीत येऊन वाचायचं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर. आणि गाळलं मी, असं सांगायचं. दुसरं मला काही नको."

मास्तर म्हणाले, सांगतो. योग्य वेळ येऊ द्या. आत्ता सांगितलं तर विरोधकांच्या हातात कोलीत जाईल. आणि ते चित्र आता आत कपाटात ठेवून द्या, बघून त्रास होतो.

पुंजारामने ते चित्र कपाटात ठेवलं नाही. पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला तो पुन्हा मास्तरांच्या ओट्यावर आला. चपला पायातच ठेवून बसला, चित्र फरशीवर पसरलं, सुलटं. एक तास बसला आणि गेला. बोलला नाही, पाणी प्यायला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही आला. मग दर महिन्याला. अठरा तारखेला सुट्टी टाकायचा नाहीतर पाळी बदलून घ्यायचा. मास्तर घरी नसले तर विमलाबाईंसमोर चित्र पसरून बसायचा. एकदा मास्तरांची मुलगी बाळंतपणाला आली होती, पाहुणे होते, त्याने पाहुण्यांसमोर पसरलं. कोणी विचारलं हे काय, की सांगायचा, मास्तरांना विचारा. विमलाबाई पहिल्या वर्षी चहा विचारत. दुसऱ्या वर्षी त्या एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, अठरा तारीख जवळ आली की यांना झोप लागत नाही."

"मला चौऱ्याहत्तरपासून लागत नाही, वहिनी," पुंजाराम म्हणाला. त्याला ते ऐकून बरं वाटलं. त्याची लाजही वाटली नाही.

१९८४ च्या उन्हाळ्यात वसाहतीत बातमी आली की मास्तर चांगुणाच्या नावाने दवाखाना काढताहेत. ती जाऊन दहा वर्षं होत होती. समाजमंदिरामागची रिकामी खोली मिळाली, आठवड्यातून दोनदा एक खरा डॉक्टर येऊन बसणार होता. बाहेरच्या भिंतीवर चांगुणाचं चित्र काढणार होते. पुंजारामला विचारायला मास्तर स्वतः आले नाहीत, माणूस पाठवला. पुंजाराम म्हणाला, दवाखाना काढा, चांगली गोष्ट आहे. उद्घाटनाला ते वाक्य वाचणार का? माणूस म्हणाला, मास्तर म्हणतात, वेळ आली आहे.

पुंजारामने त्यावर विश्वास ठेवला. त्या ऑगस्टच्या अठरा तारखेला तो मास्तरांकडे गेला नाही.

सप्टेंबरच्या सतराला त्याने भिंत पाहिली. पेंटर चांगला होता. लाल गाल, खांद्याला पेटी, नजर वर कुठे तरी. मागे कारखान्याची धुराडी आणि हसणारे म्हातारे. तोंडवळा फोटोवरून घेतला होता, तेवढा चांगुणाचा होता. आणि पाय उघडे. दहाही बोटं नीट काढलेली. खाली मोठ्या अक्षरांत: कामगारांची अनवाणी डॉक्टर, शहीद चांगुणा.

शकुबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "लय सुंदर काढलीय रे दादा. पण ही आपली नाय. आपली चांगुणा चपलांवाचून मोरीत जायची नाय."

अठराला दुपारी चारला कार्यक्रम होता. मंडप, खुर्च्या, मुंबईहून आलेला पाहुणा डॉक्टर. मास्तर बोलायला उठले. पंधरा मिनिटं बोलले. दहा वर्षांपूर्वीचे दिवस, चांगुणाची जिद्द, ती किती हसतमुख होती. पुंजाराम पहिल्या रांगेत चित्र गुंडाळून मांडीवर घेऊन बसला होता. वाट बघत होता. मास्तरांनी शेवटाला आणलं, आवाज चढवला, आणि म्हणाले की तिने मरेपर्यंत सुई खाली ठेवली नाही. टाळ्या पडल्या. मास्तर खुर्चीकडे वळले.

पुंजाराम उठला. मंडपाच्या कडेला पेंटरचे डबे तसेच पडले होते. त्याने काळ्या रंगाचा डबा आणि जाड ब्रश उचलला आणि भिंतीपाशी गेला. लोकांना वाटलं, नवरा आहे, हार घालतो की काय. तो उकिडवा बसला आणि त्याने चांगुणाच्या पायांत चपला काढल्या. हात कामाचा होता, रेघ हलली नाही. आधी तळ, मग पट्टा, मग अंगठा. दोन्ही पाय. मग अनवाणी या शब्दावर ब्रश फिरवला, शहीद या शब्दावर फिरवला.

मग तो मास्तरांसमोर आला, टेबलावर जुनं चित्र पसरलं. बोटांचा काळा रंग कडेला लागला.

"मास्तर, सहावी ओळ," तो म्हणाला. "तुम्हाला चिनी येत नाही, मला माहीत आहे. मराठीत सांगा. तुम्हाला पाठ आहे."

पाहुणा डॉक्टर मास्तरांकडे बघू लागला. मास्तरांचे ओठ हलले. पुंजारामला वाटलं, आता येतं. तीन वर्षं ज्यासाठी ओटा झिजवला ते आता येतं. मास्तर म्हणाले, "पुंजारामचं दुःख आपण समजून घेतलं पाहिजे. आज तो प्रसंग नाही."

मागून दोघंतिघं पुंजारामला धरायला उठले. तेवढ्यात बायांच्या बाजूने शकुबाई उभी राहिली. पदर खोचलेला होता, म्हणजे भांडायची तयारी होती.

"कोणी हात लावू नका त्याला," ती म्हणाली. "मास्तर, वाचा की. आम्हाला वाचता येत नाय, म्हणून तर तुम्हाला मास्तर म्हणतो आम्ही."

मास्तर वाचत नाहीत असं दिसल्यावर पुंजारामने ती ओळ स्वतः सांगितली. ओळ कुठून आली, कोणी गाळली, तेही सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, मशीनचं माप सांगावं तसं. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, बायको गेल्यापासून याचं डोकं ठिकाणावर नाही. काही उठून चहाकडे गेले. पुंजारामच्या तोंडून ती नुसती तक्रार होती. मास्तरांच्या तोंडून आली असती तर ते खरं झालं असतं. हे त्याला बोलता बोलताच कळलं आणि तो थांबला.

पाहुणा डॉक्टर चहा न घेता निघून गेला. जाताना भिंतीपुढे थांबला, चपलांकडे बघितलं. मास्तर त्यानंतर वसाहतीत आले नाहीत. त्यांच्याकडून काढून घेण्यासारखा जो वसाहतीतला मान होता तो पुंजारामने काढून घेतला होता, आणि ते करताना त्याला आनंद झाला होता. घरी येऊन हात धुताना रंग निघेना तेव्हा तो आनंदही टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी त्याने त्याच ब्रशने भिंतीवर, चांगुणाच्या पायांखाली, ती ओळ मराठीत लिहिली. उजव्या बाजूला खाली दुखत असेल आणि ताप असेल तर मोठ्या दवाखान्यात जा. दवाखान्यात येणाऱ्या बाया पोरांकडून ती वाचून घेतात. पुढच्या पावसाळ्यात शकुबाईची सून पोट धरून बसली तेव्हा शकुबाईने कोणाला न विचारता रिक्षा बोलावली. सून बरी होऊन घरी आली.

मास्तर आता सत्तरीकडे आले आहेत. पुंजाराम अजूनही दर अठरा तारखेला गंगापूर रोडला जातो, चित्र सुलटं पसरतो, तासभर बसतो. विमलाबाईंनी दार बंद ठेवायला सुरुवात केली आहे, पण ओट्याला दार नाही. ते वाक्य मास्तरांनी अजूनही चारचौघांसमोर वाचलेलं नाही.